नानांची वही

तीन वर्षांपूर्वी माझ्या एका पटकथेचे वाचन एका निर्मात्याच्या कार्यालयात झाले. दोन तास मी वाचत होतो आणि ते मधूनमधून मान हलवत होते, त्यामुळे सगळे ठीक चालले आहे असा माझा समज झाला होता. वाचन संपल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, चहा मागवला आणि म्हणाले, "तुमचे नाना फार भले गृहस्थ आहेत, पण मी जिना उतरेपर्यंत त्यांना विसरलेला असेन." मला राग आला. मनातल्या मनात त्यांच्या आधीच्या चित्रपटांची यादी करून मी तो राग थोडा शांतही केला. पण घरी परतताना गाडीत मी स्वतःलाच एक प्रश्न विचारून पाहिला, की कथा न सांगता नाना कसे आहेत हे एका वाक्यात सांगता येईल का? प्रामाणिक, निवृत्त, वरून कडक आणि आतून हळवे, एवढेच मला सुचले; आणि हे वर्णन महाराष्ट्रातल्या निम्म्या पेन्शनरांना लागू पडते.

नाना म्हणजे तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या पतसंस्थेत पस्तीस वर्षे सचिव राहिलेले गृहस्थ. पत्नी वर्षापूर्वी वारलेली, मुलगा सुहास पुण्यात नोकरीला. बापलेकात अबोला नाही, पण बोलणेही नाही. पहिल्या खर्ड्यात मी नानांना लक्षात राहण्याजोगे करण्यासाठी बरीच खटपट केली होती. ते तपकीर ओढत, उन्हाळ्यातही छत्री घेऊन फिरत आणि रेडिओवरच्या बातम्यांशी वाद घालत. या सगळ्या लकबी होत्या. लकब नटाला उपयोगी पडते, तिच्यामुळे प्रेक्षक एखादवेळ हसतोही, पण छत्री काढून टाकली तर माझ्या पटकथेतले एकही पान हलत नव्हते. जी गोष्ट काढल्याने कथानकाला काहीच होत नाही, ती व्यक्तिरेखा नसून वेशभूषा आहे, हे मला त्या निर्मात्याच्या जिन्याने शिकवले.

मग मी नवे काही शोधण्याऐवजी हाताशी असलेला प्रामाणिकपणाच पुन्हा तपासायला घेतला. नुसता प्रामाणिक माणूस दिसत नाही, कारण प्रामाणिकपणा हा गुण पैसे मोजण्याच्या क्षणापुरताच बाहेर येतो. पण हाच माणूस कोणाचे देणे अंगावर ठेवू शकत नसेल तर? देणे म्हणजे केवळ पैशांचे नव्हे, तर उपकाराचेही. शेजारणीने विरजण दिले, कोणी मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत सोडले, सोसायटीतल्या शिपायाने लाइटबिल भरून आणले, की नाना घरी येऊन एका लाल कापडी बांधणीच्या वहीत तारीख, नाव आणि उपकार लिहितात आणि फेड झाली की त्यावर बारीक रेघ मारतात. पतसंस्थेची कीर्द-खतावणी पस्तीस वर्षे लिहिलेला हात घरी आल्यावर थांबतच नाही. या वहीने एक झाले. मी जिथे कुठे अडकत असे तिथे ती वही उघडली की पुढचा प्रसंग आपोआप सुचू लागला, कारण आता गावातला प्रत्येक माणूस नानांच्या दृष्टीने एकतर धनको होता किंवा ऋणको.

येथे एक खबरदारी मला उशिरा कळली. अतिरेक हा समाजाच्या ओळखीच्या रीतीतून वाढलेला असावा. शेजारघरचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान चमचाभर साखर तरी घालून द्यायची, ही आपल्याकडे घरोघरची रीत आहे आणि तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नाना त्याच रीतीच्या वाटेवर चार पावले पुढे गेले आहेत; ते आलेल्या वाटीचा अंदाज घेऊन तेवढ्याच तोलामोलाचे काहीतरी परत पाठवतात. प्रेक्षक पहिल्या पावलावर त्यांच्याबरोबर असतो, दुसऱ्यावर हसतो आणि चौथ्यावर त्याला अस्वस्थ वाटू लागते. याउलट आभाळातून पडलेला विक्षिप्तपणा, म्हणजे उगाच उलटे चालणारा किंवा झाडांना नावे देणारा मनुष्य, पहिल्याच प्रसंगात आपली सगळी शिल्लक खर्च करून बसतो.

वेड कसे वापरावे याचा मराठी माणसाला ठाऊक असलेला सर्वांत मोठा नमुना चित्रपटातला नाही, तो चित्रपट काढणाऱ्याच्या आयुष्यातला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यानंतर त्यांना दुसरे काही सुचेना. अखंड पाहण्याच्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज निघाले, १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन सामान घेऊन आले, आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचे रोप होईपर्यंतची वाढ एकेक चित्र घेत टिपली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. पटकथाकार म्हणून माझे लक्ष मात्र दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे जाते. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, शिवाय कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक करणे हे त्या बाईने केले. वेडा माणूस एकटा दाखवला तर तो केवळ वेडा दिसतो. त्या वेडाचे मोजमाप त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या दिवसावरून होते. विकायला काढलेले घरातले सामान पाहणारी पत्नी काय म्हणते, यापेक्षा ती काय म्हणत नाही आणि हातात काय उचलते, यावर त्या प्रसंगाचा जीव अवलंबून असतो.

म्हणून मी नानांच्या वहीचा हिशेब त्यांच्या घरच्यांच्या नावे मांडायला घेतला. कथेत त्यांची पत्नी आजारी पडते, मिरजेला न्यायचे ठरते, सुहास पैसे पाठवायला तयार असतो आणि नाना मुलाचेही देणे अंगावर घ्यायला तयार होत नाहीत. ठेव मोडून स्वतःचे पैसे हाती येईपर्यंत बारा दिवस जातात. त्या बारा दिवसांमुळेच ती बाई गेली की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नाही, आणि ते अनिश्चित ठेवणे मला महत्त्वाचे वाटले. कारण दोष सिद्ध झाला असता तर बापलेकांना भांडून मोकळे होता आले असते. शेवटी नाना सुहासने परस्पर रुग्णालयात भरलेले चाळीस हजार रुपये वहीत लिहितात आणि पत्नीच्या निधनानंतर दरमहा हप्त्याने त्याला परत करू लागतात. ज्या गुणाबद्दल गाव नानांना मान देते, त्याच गुणाने त्यांचे घर उसवले आहे. गुण आणि दोष असे दोन वेगळे रकाने करून व्यक्तिरेखेची टिपणे काढण्याची एक पद्धत कार्यशाळांमधून शिकवतात. मी ती सोडून दिली, कारण खऱ्या अर्थाने टोकाला गेलेल्या स्वभावात हे दोन रकाने एकच असतात.

विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या 'सखाराम बाइंडर' या नाटकात हे फार निर्दयपणे केलेले आहे. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो आणि आल्याआल्या त्यांना घराचे नियम सांगतो. तो काहीही लपवत नाही, शिव्यांसकट सगळे बोलून दाखवतो, आणि आपण ढोंगी नाही याचा त्याला अभिमान आहे. असा माणूस लिहायला घेतला की प्रथमदर्शनी वाटते, याच्या बोलण्याखाली दडलेले असे काही उरणारच नाही. पण त्यांपैकी लक्ष्मीच्या सहवासात तो आंघोळ-पूजा करू लागतो, चंपा आल्यावर त्याचे दिवस दारूत आणि तिच्या देहात बुडतात, आणि लक्ष्मी परत आल्यावर त्याचे चंपाजवळचे पुरुषपण संपते. तोंडाने सतत मालकी सांगणारा माणूस प्रत्यक्षात घरातल्या बाईप्रमाणे बदलत जातो आणि हे त्याला स्वतःला कधीही उच्चारता येत नाही. दुसरीकडे मुंगळ्याशी प्रेमाने बोलणारी, देवभोळी लक्ष्मी सखारामने शेवटी केलेल्या चंपाच्या खुनानंतर कमालीची व्यवहारी होते. सखारामचे नियम सुरुवातीलाच एवढे ठळक मांडलेले असल्यामुळे पुढे त्यातला कोणता नियम कधी वाकतो आहे, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. अतिरेकाचा हा उपयोग मला नाट्यमयतेपेक्षाही मोठा वाटतो. तो प्रेक्षकाच्या हातात मोजपट्टी देतो. नाना प्रत्येक गोष्ट लिहितात हे एकदा पक्के झाले, की ज्या दिवशी ते लिहिणार नाहीत त्या दिवशी मला एकही संवाद लिहावा लागणार नव्हता.

चित्रपटवाले ज्याला सबटेक्स्ट म्हणतात त्याचा, म्हणजे बोललेल्या शब्दांखाली दडलेल्या अर्थाचा विचार मी येथपर्यंत आल्यावर करू लागलो, आणि तेव्हा लक्षात आले की ही बाहेरून आणलेली कला आहे असे समजून आपण उगाच बिचकतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांच्या संग्रहात, गोदावरीकाठची एक गाथा आहे. एक स्त्री एका धर्मपरायण माणसाला सांगते, की महाराज, आता निर्धास्त हिंडा. तो कुत्रा आज गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारून टाकला. टीकाकार संदर्भ देतात, की ती झाडी म्हणजे त्या बाईची आपल्या प्रियकराला भेटण्याची जागा आहे आणि हा सज्जन फुले वेचायला नेमका तिथे येतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांतून सुचवल्या जाणाऱ्या अर्थाचा सिद्धान्त मांडताना हीच गाथा उदाहरणादाखल घेतली, कारण तिचे शब्द 'ये' म्हणतात आणि अर्थ 'येऊ नकोस' असा निघतो.

ही गाथा मी पटकथा लिहिणाऱ्या मित्रांना वारंवार ऐकवतो, आणि ते कंटाळले आहेत. तिच्यात तीन गोष्टी आहेत, आणि त्यांतली एक जरी वजा केली तरी गंमत संपते. त्या बाईला काहीतरी निकराने हवे आहे. ते उघड मागण्याची तिला सोय नाही. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते, ती अशी की ऐकणाऱ्याचा स्वभाव तिला पुरता ठाऊक आहे. जो माणूस कुत्र्याला भितो, त्याच्यासमोर सिंहाचे नाव घेतले की पुरे. हाच निरोप एखाद्या धाडसी शिकाऱ्याला दिला असता तर तो धनुष्य घेऊन त्याच झाडीत शिरला असता. म्हणजे दडवलेला अर्थ वाक्यात नसतो. तो बोलणाऱ्याची गरज आणि ऐकणाऱ्याचा स्वभाव यांच्यामध्ये कुठेतरी राहतो, आणि म्हणूनच स्वभाव ठसठशीत नसलेल्या पात्रांच्या तोंडी कितीही सूचक वाक्ये घातली तरी ती नुसती मोघम वाटतात. माझ्या पहिल्या खर्ड्यातले बापलेक असेच मोघम बोलत होते आणि मी त्याला संयम समजत होतो.

आपली भाषा तर या कामासाठी जणू तयारच ठेवलेली आहे. घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणायची, आणि दिवा मालवायचा झाला तर तोही 'वाढवायचा'. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण म्हणजे संवादलेखनाचा अख्खा पाठ आहे, कारण तिच्यात वाक्य एकीला उद्देशून, लक्ष्य दुसरी, आणि दोघींनाही ते माहीत. स्वयंपाकघरात तीन बायका असतील आणि त्यांपैकी एकीला बोलायचे असेल, तर ती भांड्यांशी बोलते. हे ऐकत वाढलेली माणसे पटकथा लिहायला बसली, की त्यांच्या पात्रांना अचानक मनातले सगळे सुसंगत वाक्यांत सांगता येऊ लागते, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. बहुधा निर्मात्याला कळणार नाही ही भीती असावी. दूरचित्रवाणीच्या मालिकांनीही ही सवय लावली आहे, कारण तिथे प्रेक्षक पोळ्या लाटताना नुसते ऐकत असतो असे गृहीत धरलेले असते.

नानांच्या कथेतला वर्षश्राद्धानंतरच्या पहाटेचा प्रसंग मी किमान नऊ वेळा लिहिला. सुहास पुण्याला परत निघाला आहे, साडेपाचची एसटी आहे. पहिल्या खर्ड्यात तो दारात थांबून म्हणत असे, "तुमच्या हट्टापायी आई गेली, नाना." त्यावर नाना ओसरीवर बसकण मारत आणि म्हणत, "मला ठाऊक आहे रे, पण मी आयुष्यात कोणाचं देणं ठेवलं नाही." दोघेही खरे बोलत होते आणि प्रसंग मेलेला होता. जी गोष्ट प्रेक्षकाने तासाभरात स्वतः जुळवली होती, तीच मी त्याला परत वाचून दाखवत होतो. शिवाय एकदा हे बोलून झाल्यावर दोघांना एकमेकांकडून काही हवे आहे असे उरतच नव्हते.

मधल्या खर्ड्यांत मी उलट चूक केली. सगळे काढून टाकले आणि दोघांना पावसाबद्दल बोलायला लावले. द्राक्षबागांना या पावसाचा फटका बसेल, गाडी वेळेवर येईल का, अशी वाक्ये होती. हेही सबटेक्स्ट नव्हे. मनातले न बोलणे आणि काहीच न बोलणे यांत फरक आहे. पहिल्यात पात्र त्या क्षणी काहीतरी मिळवण्याचा प्रयत्न करत असते, दुसऱ्यात ते फक्त लेखकाच्या सांगण्यावरून गप्प बसलेले असते. वाचन ऐकणाऱ्या एका मैत्रिणीने तेव्हा विचारले, की या पहाटे सुहासला नक्की काय हवे आहे? मी म्हणालो, वडिलांनी चूक कबूल करावी. ती म्हणाली, ते त्याला वर्षभरापूर्वी हवे होते; आज काय हवे आहे?

हा प्रश्न घेऊन मी आठवडाभर बसलो, आणि उत्तर वहीतच मिळाले. नाना मुलाला शेवटचा हप्ता देणार आहेत. चाळीस हजार फिटले, की सुहासच्या पानावर रेघ मारली जाईल, आणि त्या वहीत रेघ मारलेल्या माणसाशी नानांचा काही संबंध उरलेला आपण संपूर्ण चित्रपटात पाहिलेला नाही. सुहासला कबुली नको आहे. त्याला आपले पान बंद होऊ द्यायचे नाही. आणि नानांना मुलाने पुन्हा यावे असे वाटते, पण 'ये' म्हणणे म्हणजे उपकार मागणे, आणि तेवढेच त्यांना आयुष्यात जमलेले नाही. एवढे कळल्यावर प्रसंग अर्ध्या तासात लिहून झाला. तो आता असा आहे:

नाना पाकीट पुढे करतात.

नाना : मोजून घे.

सुहास : किती राहिले?

नाना : संपले. हा शेवटचा.

सुहास पाकीट न मोजता खिशात घालतो. पिशवीतून स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवतो. झाकणावर आईचे नाव घातलेले आहे.

नाना : डबा न्यायचा ना? लाडू भरलेत त्यात.

सुहास : लाडू घेतलेत कागदात बांधून. डबा राहू दे इथं.

नाना : तुझाच आहे तो. तिनं तुला दिलेला.

सुहास : पुढच्या खेपेला नेईन. रिकामा मात्र देऊ नका.

बाहेर एसटीचा हॉर्न. सुहास पायांत चपला सरकवतो.

सुहास : येतो, नाना.

एवढेच. देणे अंगावर न ठेवणाऱ्या माणसाच्या घरात मुलाने जाणूनबुजून एक देणे ठेवले आहे, आणि तेही नानांना मोडता येणार नाही अशा रीतीच्या आधाराने. 'येतो' हा शब्द रोजच्यासारखाच उच्चारला जातो, पण आता त्याला तारीख नसलेल्या वायद्याचे वजन आले आहे. नानांची वही नसती तर हा प्रसंग म्हणजे विसरलेल्या डब्याची किरकोळ गोष्ट झाली असती. मी पूर्वी अतिरेकी स्वभाव आणि सूचकता यांना एकमेकांची वैरी समजत असे, एक म्हणजे भडक आणि दुसरी म्हणजे तरल. प्रत्यक्षात पहिली भडक रेघ ओढलेली असल्याशिवाय दुसरीला टेकायला जागाच नसते.

मग पात्राने मनातले सरळ कधीच बोलू नये का, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर तेंडुलकरांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकात आहे. लीला बेणारे सुरुवातीला सर्वांत बोलकी आहे, सहकाऱ्यांची टर उडवणारी, हसणारी, गाणी म्हणणारी. वेळ घालवण्यासाठी मांडलेला खटल्याचा खेळ तिच्यावर उलटतो तसतशी ती मुकी होत जाते, आणि ज्यांच्यापासून तिला दिवस गेले आहेत आणि ज्यांनी खरोखर उत्तर द्यायला हवे ते प्रोफेसर दामले त्या खोलीत आलेलेच नसतात. शेवटी तिचे प्रदीर्घ स्वगत येते, ज्यात ती सगळे उघड सांगते. ते स्वगत भिडते, कारण ती बोलत असताना रंगमंचावरचे बाकीचे सगळे जागच्या जागी थिजलेले आहेत. तिचे म्हणणे आपल्याखेरीज कोणीही ऐकत नाही, आणि ते संपल्यावर खटला जणू ती एक अक्षरही बोललेली नसावी तसा पुढे सरकतो. सरळ बोलणे चालते, पण त्या बोलण्याने काही मिळणार नाही अशी व्यवस्था आधी करावी लागते. ज्या कबुलीनंतर समोरचा माणूस गळ्यात पडतो, ती कबुली मी सहसा खोडतो.

'सामना' या चित्रपटात तेंडुलकरांनी आणखी वेगळे केले. तिथे मास्तर हा दारूत बुडालेला, कोणतीही सत्ता नसलेला माणूस साखर कारखान्याच्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहतो आणि मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. प्रश्न उघड आहे, त्यात सूचक काही नाही. बदलत जातो तो हिंदुरावचा पाहुणचार. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी ती जुगलबंदी केली हे आपले भाग्यच, पण कागदावरही तिची रचना विलक्षण आहे. एकाचा अतिरेक विचारण्यात, दुसऱ्याचा देण्यात. दोन अतिरेकी स्वभाव एका घरात कोंडले की प्रसंगांची वाण पडत नाही, आणि नाना व सुहास यांच्यासाठी मी ही युक्ती सरळ उचलली हे कबूल करायला हरकत नाही.

अभिनयाच्या वाट्याचे काम कागदावर किती मांडावे, यावर मात्र माझे मत अजून डळमळते. 'फँड्री' या चित्रपटात डुक्कर पकडण्याची धावपळ चाललेली असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. कोणी एक शब्द बोलत नाही आणि जातीविषयी, शाळेविषयी, देशाविषयी जे म्हणायचे ते म्हणून होते. असा प्रसंग लिहिताना कागदावर फक्त घडते ते लिहावे, त्याचा अर्थ लिहू नये, एवढे मला नक्की वाटते. 'नानांच्या डोळ्यांत अपराधी भाव' हे वाक्य कॅमेऱ्याला टिपता येत नाही. 'नाना पेनाचे टोपण काढतात' हे येते.

आणि एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. २०१४ च्या 'कोर्ट' या चित्रपटात न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील यांपैकी कोणीही टोकाचे नाही. सरकारी वकीलबाई मुलाला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप तेवढा टोकाचा आहे, आणि तो सगळे जण अत्यंत सामान्यपणे हाताळतात. तिथे अतिरेक माणसांतून काढून व्यवस्थेत ठेवला आहे. हे मला जमण्यासारखे नाही, निदान अजून तरी, कारण त्यासाठी लागणारा गारठा माझ्या लिहिण्यात नाही.

गेल्या महिन्यात नव्या खर्ड्याचे वाचन झाले. या वेळी नानांचे संवाद एका ज्येष्ठ रंगकर्मींनी वाचले. पहाटेच्या प्रसंगानंतरचा तुकडा मी असा लिहिला होता: एसटीचा आवाज लांब जातो, नाना वही उघडतात, पेनाचे टोपण काढतात, थोडा वेळ तसेच बसतात, टोपण पुन्हा लावतात. न लिहिलेली नोंद, हा माझ्या मते चित्रपटाचा कळस होता आणि मी त्यावर फार खूश होतो. त्यांनी तिथे वाचन थांबवले आणि म्हणाले, "हा माणूस लिहिल्याशिवाय राहणार नाही हो. तुम्ही त्याला एका रात्रीत बरा करताय." मग समोरची माझीच वही त्यांनी पुढे ओढली, तारीख घातली, नाव घातले, 'डबा १' असे लिहिले, आणि फेडीच्या रकान्यावर पेन टेकवून तो तसाच मोकळा सोडून वही मिटली. खोलीत कोणी काही बोलले नाही. त्या रात्री मी ती ओळ बदलली.